कुमुदताईंच्या शेंगा

आमच्या प्लांटमध्ये तीन नंबरच्या पंपामागे एक जाड पाइप आहे. त्याच्या पांढऱ्या वेष्टणावर काळ्या मार्करने इंग्रजीत एक ओळ लिहिलेली आहे, 'जोसेफ म्हणतो, आधी झडप सैल करा.' परवा नवीन रुजू झालेल्या एका नेपाळी ऑपरेटरने ती वाचली. वयाने ते माझ्यापेक्षा मोठे आहेत. मला म्हणाले, "सर, ये जोसेफ कौन है?"

"पहले के चीफ ऑपरेटर."

"और लिखा किसने?"

"ऑफिस की एक मॅडम थीं."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांचं समाधान झालं आणि ते कामाला लागले. माझं झालं नाही. इथे कतरमध्ये लुसैलहून राहत्या जागी, अल खोरला, जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळे डुलक्या घेत होते आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. ज्या मॅडमना मी एका वाक्यात उरकलं, त्यांनी मला अर्धं उत्तर देऊ नकोस म्हणून बजावलं होतं.

त्यांचं नाव कुमुद फडतरे. ऑफिसात सगळ्यांच्या कुमुद मॅडम, आणि आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नसलं की माझ्या कुमुदताई. मूळच्या इस्लामपूरच्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या. कॉटनचा कुर्ता, ओढणीला पिन, पायात स्पोर्ट्सचे बूट, आणि पर्समध्ये कायम भाजलेल्या शेंगांची पिशवी. दोहातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात त्यांच्या घराखाली एक भारतीय दुकान होतं, तिथून त्या शेंगा आणायच्या आणि घरी लोखंडी कढईत भाजायच्या.

आमची कंपनी लुसैलच्या उंच इमारतींना थंड पाणी पुरवते. तिथल्या फ्लॅटमध्ये थंडावा येतो तो आमच्या प्लांटमधून पाइपाने गेलेल्या पाण्यामुळे. प्लांट चालवणारी माणसं दहा देशांची, आणि दर उन्हाळ्यात त्यातली निम्मी रजेवर. त्यामुळे एकाच्या डोक्यात आहे ते दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी कंपनीने एक पद निर्माण केलं होतं, नॉलेज मॅनेजर. कुमुदताई त्या पदावर होत्या. "म्हणजे नक्की काय काम?" असं मी त्यांना सुरुवातीला विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लोकांच्या पोटातलं ओठावर आणायचं. आणि ओठावर आलं की कागदावर. पहिलं अवघड, दुसरं टायपिंग."

मी करमाळ्याचा. वडील आडतीच्या दुकानात हमाली करायचे. घरात पहिला पदवीधर मी. इंजिनिअर म्हणून इथे आलो तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण चारचौघांत तोंड उघडत नसे. पहिल्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये मी तोंडातून शब्द काढला नाही. मीटिंग संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरून मूठभर शेंगा माझ्यापुढे आल्या.

"सोल," त्या म्हणाल्या. "कुठला रं तू?"

"करमाळा."

"घराजवळ हातपंप होता का?"

"होता की."

"सरळ हापसला की पाणी यायचं?"

मी हसलो. आमच्या गल्लीतला हापसा सरळ हापसून कधीच पाणी द्यायचा नाही. आधी दांडा वर धरून थांबायचं, मग दोन आखूड झटके द्यायचे, मग लांब ओढायचा. पाहुणे आले की त्यांना जमायचं नाही आणि आम्ही पोरं हसायचो. हे सगळं मी सांगितलं. सांगता सांगता शेंगा संपल्या.

"हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग माझ्यासारखी बाई लागते. आणि बघ, बोललास की नाही घडाघडा?"

त्यांची सगळी पद्धत एवढीच होती. त्या कधीही समोर बसायच्या नाहीत, शेजारी बसायच्या. वही काढायच्या नाहीत. "हात रिकामे असले की माणूस घड्याळाकडं बघतो. हाताला काम दे, तोंड आपोआप सुटतं," असं त्यांचं मत. इजिप्तचा असो की फिलिपिन्सचा, जो येईल त्याला आधी शेंगा. "यल्ला" या अरबी हाकेने सुरुवात व्हायची. "खलास" म्हणून त्या उठायच्या आणि टेबलावरचा ढीग बघून अंदाज सांगायच्या, "आज टरफलं बरीच पडली." टरफलं मात्र ज्याची त्याने उचलायची, त्यात सवलत नाही. एकदा एका बड्या इंजिनिअरने तशीच टाकून चालायला सुरुवात केली, तर त्यांनी त्याला हाक मारून परत बोलावलं. नंतर मला म्हणाल्या, "शाळेत टरफलांची गोष्ट तूही ऐकली असशील. ती ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांची आहे. ज्यांनी खाल्ल्या त्यांनी उचलायचीच."

बसायची जागाही त्यांनीच मिळवली होती. मी येण्याआधी कुणा सल्लागाराच्या सांगण्यावरून पॅन्ट्रीतली टेबलं काढून टाकली होती. माणसं उभ्याने चहा घेतील आणि लवकर जागेवर जातील, असा हिशेब. "बसायला जागा नाही तिथं बोलायला कोण थांबेल?" असं कुमुदताईंनी वर सांगून पाहिलं. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी मुलीचं लहानपणीचं अभ्यासाचं टेबल गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. त्यावर जलपऱ्यांचे स्टिकर होते, अजून आहेत. सिक्युरिटीवाला विचारायला लागला तर म्हणाल्या, "भैया, ये नॉलेज मॅनेजमेंट है. पकडो उधर से." त्याने पकडलं. टेबल राहिलं.

आमच्याकडे एक जुनी चाल होती. तिला सगळे 'चावी ठेवणं' म्हणायचे. रजेवर जाताना प्रत्येकाने आपल्या कामाचं हँडओव्हर द्यायचं, आणि देताना एक गोष्ट मुद्दाम सांगायची नाही. मग तो गावी पोचला की इथे काहीतरी अडायचं, त्याला फोन जायचा, तो दोन मिनिटांत उत्तर द्यायचा, आणि साहेबाच्या लक्षात राहायचं की या माणसावाचून चालत नाही. इथला व्हिसा नोकरीशी बांधलेला. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळायचा. त्यामुळे ही लबाडी आहे असं कुणाला वाटायचंच नाही. ती सगळ्यांची विम्याची पॉलिसी होती.

या चालीतले राजे म्हणजे जोसेफ चेट्टा, चेट्टा म्हणजे मल्याळीत दादा. कोट्टयमकडचे, चीफ ऑपरेटर, मोठ्या आवाजाचे, मिशा रंगवणारे. भाचीच्या लग्नात चर्चच्या दारात उभं राहून त्यांनी दोहाचा फोन घेतला होता, हे ते रंगवून सांगायचे. "फोन आता है ना, तो पूरा फॅमिली देखता है. बिशप भी देखता है! कतर का प्लांट जोसेफ के बिना बंद!"

कुमुदताईंनी त्यांना टेबलाशी बोलावलं. ते आले, शेंगा खाल्ल्या, टरफलं उचलली, गेले. पुढच्या वेळी तसंच. तिसऱ्या वेळीही तेच. मी चिडून म्हणालो, "ताई, चेट्टा चिक्कू आहेत हो. पोटात ठेवून मरतील."

"माणूस चिक्कू नसतो, दत्ता," त्या म्हणाल्या. "भ्यालेला असतो."

असंच एका शुक्रवारी, इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांचे यजमान, त्या, आणि मराठी समजूनही इंग्रजीत उत्तर देणारी त्यांची मुलगी. जेवणात तांबडा रस्सा होता. मी चांगला झालाय म्हणालो तर त्या खळखळून हसल्या.

"सासूबाईंच्या हातचा खाल्ला असतास तर याला नावं ठेवली असतीस. कंपनीतल्या एवढ्या लोकांना बोलतं केलं मी, पण सासूबाईंनी शेवटपर्यंत कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण सांगितलं नाही. दरवर्षी डबा भरून पाठवायच्या. विचारलं की म्हणायच्या, 'संपला की कळव.'"

"आई, यू नेव्हर आस्क्ड प्रॉपर्ली," मुलगी म्हणाली.

कुमुदताईंनी तिच्या वाटीत रस्सा वाढला. "खरं आहे तिचं. मी विचारायचे, पण त्या सांगतील असं वागले नाही कधी. मसाला सोडला तर कशासाठी फोन करत होते मी त्यांना? प्रमाण सांगितलं असतं तर तेवढाही बंद झाला असता. त्यांनीही चावीच ठेवली होती की."

त्या जेवणानंतर त्या जनरल मॅनेजरांकडे गेल्या. चेट्टांना कोरडं बोलावून उपयोग नाही, आधी भीती काढली पाहिजे, हे त्यांनी साहेबांना पटवलं. टेबलावर कबूल केलेल्या चुकीबद्दल कुणाला वॉर्निंग मिळणार नाही, आणि सगळं सांगितलं म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही, अशा दोन गोष्टी त्यांनी मागितल्या. साहेब म्हणाले, जा, सांगा सगळ्यांना. त्या परत आल्या तेव्हा आनंदाने जवळजवळ पळत आल्या होत्या.

मग चेट्टांनी सरळच विचारलं. मी तिथेच चहा घेत होतो. "मॅडम, सब बता देगा तो कंपनी हमको क्यों रखेगा?"

"मेरी जबान है, चेट्टा."

"कंपनी की?"

"मेरी. और मैं कंपनी में ही हूँ ना."

चेट्टांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगायला सुरुवात केली. त्या दिवशीची टरफलं उचलायला मला मदत करावी लागली. पुढे किती दिवस ते सांगत होते! कुठला चिलर दमट दिवशी रुसतो, धुळीचं वारं सुटायच्या आधी काय झाकायचं, कुठल्या आवाजाला घाबरायचं आणि कुठल्याला नाही. ते बोलायचे, ताई ऐकायच्या, मी टाइप करायचो. चेट्टांचं बघून बाकीचेही यायला लागले. त्या उन्हाळ्यात रजेवर गेलेल्यांना फोन गेलेच नाहीत जवळजवळ. चेट्टांनी परत आल्यावर तक्रार केली, "मॅडम, इस बार वाइफ पूछी, कतर वाला आपको भूल गया क्या?" आम्ही सगळे हसलो. ताईही हसल्या. मला वाटतं, त्या वेळी आमच्यातल्या कुणीच ते नीट ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी कंपनीचं कंत्राट कमी दरात नवं झालं आणि माणसं कमी करायचं ठरलं. चेट्टा गावी होते. एका गुरुवारी दुपारी कुमुदताई साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्या आणि पॅन्ट्रीत येऊन जलपऱ्यांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"चेट्टांचं पद रद्द," त्या म्हणाल्या. "रविवारी एचआरचा मेल जाईल. म्हणे त्यांचं सगळं लिहून झालंय, आता ज्युनिअर इंजिनिअर सांभाळेल."

ज्युनिअर इंजिनिअर म्हणजे मी.

"पण साहेबांनी शब्द दिला होता."

"मीही तेच म्हणाले. तर म्हणतात, मी परवानगी दिली होती, हमी तुमची होती." त्यांनी ओढणीची पिन काढली, परत लावली. "बरोबरच आहे. माझी जबान, असंच म्हणाले होते मी."

मेलची वाट बघायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी तिथूनच चेट्टांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. मग म्हणाल्या, "चेट्टा, मेरी गलती है. आपने मेरे भरोसे पर बताया."

पलीकडे चेट्टांनी कोंबड्यांना हुसकावलं. मग म्हणाले, "मॅडम, रोना नहीं. पूरा नहीं बताया था. एक चावी रखा था हम."

कुमुदताईंनी पटकन डोळे पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "रखी है? अच्छा किया! मत बताइए. किसी को मत बताइए. अडू दे त्यांचं—अटकने दीजिए. फिर बुलाएँगे आपको."

लोकांना बोलतं करण्यासाठी जिने पर्समध्ये शेंगा बाळगल्या, ती बाई हात जोडून एका माणसाला सांगू नका म्हणत होती.

"बताना पड़ेगा, मॅडम," चेट्टा म्हणाले. "तीन नंबर पंप का बात है. पीछे का वॉल्व पहले हाथ से ढीला नहीं किया, तो पाइप में पानी मारता है. जोर से. जॉइंट खुल सकता है. मैं था तब तक मैं करता था, ठीक था. छुट्टी में वो पंप बंद रखता था. अब दत्ता चालू करेगा. वो लड़का उधर ही खड़ा रहता है."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला "नका सांगू" म्हणायला धीर नव्हता, "सांगा" म्हणायला तोंड नव्हतं. मी त्या टेबलावरच्या स्टिकरकडे बघत राहिलो. मग त्यांनी फोन हळूच माझ्याकडे सरकवला.

"ऐक," म्हणाल्या, आणि बाहेर निघून गेल्या.

मी ऐकलं. चेट्टांनी झडप किती फिरवायची, आवाज कसा बदलतो, सगळं दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाले, "ध्यान रखना. शादी किया नहीं अभी तू."

रविवारी त्यांना मेल गेला आणि मला नवं पद मिळालं. पगार वाढला. करमाळ्यात वडिलांनी आडतीच्या दुकानात पेढे वाटले. मी नाही म्हणालो असतो तरी ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली असती, चेट्टांना परत मिळाली नसती. हे खरं आहे, आणि मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. त्याने पेढ्यांची चव बदलत नाही. आमच्या शाळेतल्या गोष्टीतला मुलगा ताठ मानेने म्हणू शकला की शेंगा त्याने खाल्ल्या नाहीत. मी खाल्ल्या आहेत, आणि टरफलं चेट्टांनी उचलली.

पॅन्ट्रीतलं टेबल रिकामं पडलं. कुमुदताई शेंगा आणून ठेवायच्या, लोक चहा घेऊन उभ्यानेच निघून जायचे. त्यांच्यावर राग कुणाचाच नव्हता, बहुतेक सगळे नमस्कारही करायचे. पण त्या उन्हाळ्यात रजेवर गेलेल्या प्रत्येकाला गावी फोन जायला लागला. चाव्या परत आल्या होत्या. ताईंनी कुणालाही टेबलाशी बोलावलं नाही. आता कुठल्या तोंडाने बोलावू, असं एकदाच म्हणाल्या.

तीन नंबरच्या पंपाची सूचना मॅन्युअलमध्ये घालायची होतीच. त्यांनी साहेबांकडे एवढंच मागितलं की त्या सूचनेखाली जोसेफचं नाव असावं. मॅन्युअलमध्ये कुणाची नावं नसतात, असं उत्तर मिळालं. त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला. आपलं हँडओव्हर मलाच दिलं, शेजारी बसवून, काहीही न ठेवता. मी न राहवून विचारलं, "ताई, एखादी चावी तरी ठेवलीत का?"

"मी कशाला ठेवू? मला फोन करणारी माणसं वेगळी आहेत." मग म्हणाल्या, "दर रविवारी करते मी चेट्टांना. रबराची थोडी झाडं आहेत, तेच बघतात. चांगलं बोलतात माझ्याशी. तेच अवघड जातं."

शेवटच्या दिवशी त्या प्लांटवर आल्या. गेटवर दिलेलं हेल्मेट त्यांना मोठं होत होतं, सारखं कपाळावर घसरायचं. तीन नंबरच्या पंपामागे जाऊन त्यांनी माझ्याकडे मार्कर मागितला आणि टाचा उंचावून पाइपावर ती ओळ लिहिली. अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल.

"नाव लिहून पोट भरत नाही, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण कुणीतरी विचारेल, हा जोसेफ कोण. तेव्हा सगळं सांग. त्यांचं, माझं, तुझंही. अर्धं सांगू नकोस."

"सांगेन, ताई."

पाइपावर दव धरतं आणि अक्षरं फिकट होतात. ती मी अधूनमधून गिरवतो, तेवढं चुकवत नाही. आणि परवा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तर माझ्या तोंडून दोन वाक्यं निघाली. सगळं सांगायचं तर शेवटी मी बसतो त्या खुर्चीपाशी यावं लागतं. काल ओल्ड एअरपोर्टला त्यांच्या जुन्या घराखालच्या दुकानातून शेंगा आणल्या आहेत. भाजून झाल्या, थोड्या करपल्या. त्या माझ्या बॅगेत आहेत. उद्या त्या नेपाळी गृहस्थांना जलपऱ्यांच्या टेबलाशी बसवायचं असं ठरवतो आहे, आणि ठरवतानाच मला घाम फुटतो आहे.

त्या शेवटच्या दिवशी पाइपावर लिहून झाल्यावर कुमुदताई मागे वळून न बघता भरभर निघाल्या आणि गाडीत बसल्या. गाडी गेटपाशी पोचली तेव्हा तिथला सिक्युरिटीवाला धावत जाऊन काच वाजवू लागला. त्या घाबरून थांबल्या. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. त्यांनी ते काढून त्याच्या हातात दिलं, केस सारखे केले, आणि पर्समधून काहीतरी काढून त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवलं. गाडी वळून हायवेला लागली. तो गेटवर एका हातात हेल्मेट धरून उभा होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात शेंगा होत्या.